कानाचं वय, डोळ्याचं वय

नागपुरात बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "आठ वर्षांच्या मुलीला चालेल असं काही द्या ना." दुकानदारही सवयीने '६ ते ८' छापलेला गठ्ठा पुढे सरकवतो. पुस्तक घरी येतं, दोन पानं होतात आणि आठवडाभरात ते दिवाणाखाली सापडतं. घरचे निकाल देऊन मोकळे होतात : आमच्या पोट्टीला वाचनाची आवडच नाही, तिला मोबाइलच पाहिजे.

पोट्टीची बाजू ऐकायला हवी. आठ वर्षांच्या मुलीला पुस्तकापुरती दोन वयं असतात. ऐकून किती समजतं ते कानाचं वय, स्वतः अक्षरं लावून किती समजतं ते डोळ्याचं. सगळ्याच मुलांचा कान डोळ्याच्या पुढे धावतो आणि साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत पुढेच राहतो. नागपुरात हे अंतर जरा जास्तच पडतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलनीत खेळताना हिंदी, आजीकडे वऱ्हाडी, आईबाबांशी या तिन्हींची मिसळ. असं मूल दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशी गोष्ट मराठीतून मजेत ऐकतं, मध्येच शंका काढतं. तीच गोष्ट छापील दिली की पहिलीतल्यासारखं अक्षरावर बोट ठेवून चालतं. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली आला, पण आठवड्याच्या मोजक्या तासांत अक्षरओळख होते, वाचनाचा वेग येत नाही.

म्हणून या वयाच्या मुलासाठी दोन वेगळी पुस्तकं घ्यावीत : एक आपण वाचून दाखवायचं, एक त्याने स्वतः वाचायचं. दोन्ही कामं एकाच पुस्तकाकडून करून घ्यायला गेलं की बिनसतं. कानाला जे रंगतदार असतं ते डोळ्याला जड जातं, आणि डोळ्याला जे झेपतं ते कानाला बाळबोध वाटतं.

दोन्ही वयं मोजायला दुकानात पाच मिनिटं पुरतात. पुस्तक मधोमध उघडा. पहिलं पान पाहू नका. लेखक आणि संपादक दोघांनीही पहिल्या पानावर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. मुलाला ते पान मोठ्याने वाचू द्या आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाला तुमच्या हाताचं एक बोट मिटा. पानभरात एखादं बोट मिटलं तर पुस्तक सोपं, दोन-तीन मिटली तर बेताचं, मूठ पूर्ण वळली तर जड. ही युक्ती जगभर वापरतात. मराठीत तिला एक जोड द्यावी लागते, कारण आपल्याकडे मूल दोन तऱ्हेने अडतं.

'चंद्रकोर' हा शब्द घ्या. मूल 'चं... चंद... चंदर...' करतं, तुम्ही शब्द उच्चारला की लगेच म्हणतं, "हो ना, चांदोबाची." हे डोळ्याचं अडणं. आता 'ओसरी' घ्या. मूल तो सुळकन वाचून पुढे जातं आणि दोन ओळींनंतर विचारतं, "ओसरी म्हणजे?" हे कानाचं अडणं. डोळ्याच्या अडण्याला डावं बोट मिटा, कानाच्या अडण्याला उजवं. डावी मूठ वळली आणि उजवी उघडीच राहिली, तर पुस्तक उत्तम आहे, फक्त ते तुम्ही वाचून दाखवायचं. उजवीची एक-दोन बोटं मिटणं चांगलंच. नवे शब्द असेच येतात. दोन्ही मुठी वळल्या तर ते पुस्तक वर्षभर परत मांडणीवर राहू द्या. आणि दोन्ही हात उघडे राहिले तर बिनदिक्कत घ्या. इथे पालक हमखास चुकतात. "हे तर किती सोपं आहे, पैसे वाया जातील" म्हणून पुस्तक परत ठेवतात. वाचनाचा वेग सोप्या पुस्तकांतूनच येतो, कठीण पुस्तकातून फक्त दम लागतो.

मराठीत डोळ्याला अडवतात ती मुख्यतः जोडाक्षरं. ही दोन उदाहरणं पाहा.

'मनू झाडावर चढला. वरून त्याला तळं दिसलं. तळ्यात दोन बदकं होती.'

'प्रसन्न सूर्यप्रकाशात वृक्षांच्या फांद्या स्वर्णासारख्या चमकत होत्या.'

पहिल्यात अकरा शब्द आणि दोन जोडाक्षरं. दुसऱ्यात सात शब्द आणि अकरा जोडाक्षरं, वर 'वृ' वेगळाच. असली वाक्यं '५+' छापलेल्या पुस्तकांत खुशाल सापडतात, कारण लिहिणाऱ्याला सोपं म्हणजे छोटं असं वाटत असतं. शिवाय सगळी जोडाक्षरं सारखी जड नसतात. 'त्या', 'च्या', 'ल्या' ही इतक्यांदा येतात की मूल त्यांना अख्खं चित्र म्हणून ओळखायला लागतं. खरी गंमत 'र' करतो. तो डोक्यावर रफार होऊन बसतो ('सूर्य'), पोटात तिरपा घुसतो ('चक्र'), 'ट'च्या पायाशी टोपी उलटी घालतो ('ट्रक') आणि 'दऱ्या'मध्ये पापणीसारखा आडवा होतो. एक अक्षर, चार वेश. 'द्य', 'ह्म', 'क्ष', 'ज्ञ' यांत तर मूळ अक्षरं ओळखूच येत नाहीत. म्हणून मधल्याच पानावरचे पन्नास शब्द घ्या आणि त्यातली जोडाक्षरं मोजा. नुकतं वाचू लागलेल्याला पाचाच्या आत बरी, दुसरी-तिसरीतल्याला दहापर्यंत चालतात. त्यापुढच्या मुलासाठी मोजायची गरज नाही.

अक्षराचा आकार आणि ओळींमधली जागा हा मुद्दा दिसायला किरकोळ आहे, पण कित्येक पुस्तकं इथेच नापास होतात. वेलांट्या-उकार सोडून नुसत्या अक्षराची उंची नवशिक्याला चार-पाच मिलिमीटर तरी हवी, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला तीन चालते. देवनागरी ओळ वर आणि खाली दोन्हीकडे पसरते. कागद वाचवायला ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतल्या 'शत्रू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'गर्दी'च्या रफारात पाय अडकवतो, आणि मोठ्यांना सहज लागणारा शब्द मुलाला कोड्यासारखा दिसतो. चित्रावर छापलेला मजकूरही तपासा. गडद जंगलावर काळी अक्षरं असतील तर अनुस्वार आणि मात्रा पानांत हरवतात. 'चिंच' आणि 'चिच' यातला फरक एका ठिपक्याचा असतो, तो दिसायला हवा.

मुळाक्षरांची पुस्तकं आपण फार निष्काळजीपणे घेतो. वह्या-पेन्सिलींच्या दुकानात लटकवलेली बरीचशी पुस्तकं हिंदीसाठी तयार केलेली असतात आणि नागपुरात ती सरसकट मराठी म्हणून खपतात. ओळखायला दोन अक्षरं पुरतात. मराठीचा 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. शासनाची वर्णमालाही तेच सांगते. हिंदी वळणाचा 'ल' दंड असलेला. शाळेतल्या पुस्तकात एक आणि घरच्या पुस्तकात दुसरा असला की पाच वर्षांचं मूल गोंधळतं, आणि चूक त्याची धरली जाते. मग 'ळ' शोधा. तो नसेल तर पुस्तक सरळ खाली ठेवा. 'बाळ', 'शाळा', 'केळं', 'पोळी' हेच मुलाचे पहिले शब्द आहेत. चित्रंही पाहा. 'ण'साठी बाण ठीक आहे, पण 'क्ष'साठी ढाल-तलवारवाला क्षत्रिय दाखवला की मूल म्हणतं, "राजा!" चित्र पाहून मुलाच्या तोंडून जो शब्द येतो, त्यातच ते अक्षर असायला हवं.

आता अगदी तान्ह्यांकडे. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरवरचं बरं दिसतं, तेही ठळक काळं-पांढरं. म्हणून पहिल्या काही महिन्यांना मोठी, साधी, गडद चित्रं पुरतात. फिक्या गुलाबी ढगांचं पुस्तक आईला आवडतं, बाळाला त्यात काही दिसत नाही. सहा महिन्यांनंतर पुस्तक तोंडात जाणारच, त्याची तयारी ठेवा : जाड पुठ्ठ्याची आठ-दहा पानं, गोल कोपरे, हातात मावेल असा आकार, आणि पिना अजिबात नाहीत. पिनांचं पुस्तक दोन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये. पावसाळ्यात पिन गंजते, पान ओढलं की सुटते आणि पुढे कुठे जाते ते सांगायला नको. घेण्याआधी पुठ्ठ्याच्या कडेला नख लावा. थर सुटत असतील तर लाळेने आठवड्यात लगदा होईल.

दीड ते तीन या वयात शब्दांचा ताल महत्त्वाचा. अर्थ नंतर येतो. पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पानाला एक वाक्य, शेवटी आवाज करायला जागा. आपल्याकडे या कामाला भुलाबाईची गाणी अप्रतिम आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात घरोघर म्हटली जाणारी ही गाणी प्रश्नोत्तरांची आणि साखळीची असतात. एकातून दुसरं निघतं. दोन वर्षांच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं, पुढे काय येणार ते आधी ठाऊक असणं. याच कारणाने ते एकच पुस्तक सलग चाळीस वेळा वाचायला लावतं. वाचणाऱ्याला वीट येतो खरा, पण अर्ध्यात नवं पुस्तक आणून त्याची लय मोडू नका.

तीन ते सहा हे चित्रपुस्तकांचं वय, आणि यासाठी एकच कसोटी पुरे : मजकुरावर तळहात ठेवा आणि फक्त चित्रांवरून गोष्ट सांगून पाहा. ओळीत लिहिलंय 'माकड झाडावर बसलं' आणि चित्रातही माकड झाडावर बसलेलं, तर दोघांपैकी एक जण फुकट आला आहे. चांगल्या पुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र त्यात भर घालतं. आजी म्हणते "घरात कोणी नाही" आणि पलंगाखालून शेपटी दिसते. वाचता न येणारं मूल ती शेपटी तुमच्या आधी पाहतं. मग ते पान उलटू देत नाही. अशी पुस्तकं बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात, कारण छापखान्यात मोठा कागद घडी घालून आठ-सोळा पानांचा फर्मा निघतो. बत्तीस पानं म्हणजे रात्री झोपायच्या आधीची दहा मिनिटं.

काही प्रकाशक वयाऐवजी लेव्हल छापतात, ते जास्त प्रामाणिक आहे. प्रथम बुक्सच्या चार लेव्हल आहेत. पहिलीत साधारण अडीचशे शब्दांच्या आत, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत पंधराशेपर्यंत, चौथीत त्याहून जास्त. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, छापून घेता येतात. खरेदीआधी मुलाची पायरी ठरवायला हे फार सोयीचं. पहिली आणि दुसरी लेव्हल मुलाला स्वतः वाचू द्या, कुठे दम लागतो ते पाहा, आणि मग दुकानात जा. मात्र ही लेव्हल डोळ्याची आहे. कानासाठी तिच्या दोन पायऱ्या वर जायला हरकत नाही.

सात ते दहा हे सगळ्यात अवघड वय, आणि बहुतेक मुलं वाचनातून इथेच गळतात. चित्रपुस्तक 'बच्चू लोकांचं' वाटायला लागतं आणि दीडशे पानांची कादंबरी झेपत नाही. मधला पूल म्हणजे छोट्या प्रकरणांचं पुस्तक : पन्नास ते ऐंशी पानं, चार-पाच पानांचं एकेक प्रकरण, दर दोन पानांना एखादं रेखाचित्र आणि भरपूर संवाद. संवादांमुळे पानावर मोकळी जागा राहते, डोळा दमत नाही. एकाच नायकाची मालिका या वयाला फार मानवते. मोठी माणसं नाक मुरडतात की सगळी पुस्तकं सारखीच. पण पात्रं, गाव, बोलण्याची ढब ओळखीची झाली की मुलाची सगळी ताकद वाचण्यावर लागते. कॉमिक्सलाही हाच न्याय लावा; त्यात चित्रं सोडली तर बहुतेक संवादच असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. पानभराचा मजकूर, मग कोडं, मग कविता, ही रचना चंचल मुलाला पुस्तकापेक्षा सोपी जाते.

या वयाची बरीच पुस्तकं अनुवादित असतात. अनुवाद वाईट नसतो, कच्चा अनुवाद वाईट. कच्चा ओळखायचा कसा? 'त्याने त्याचे हात त्याच्या पॅन्टच्या खिशांमध्ये घातले आणि तो त्याच्या घराच्या दिशेने चालू लागला.' मराठी माणूस म्हणेल, 'खिशात हात घालून तो घराकडे निघाला.' पहिल्या वाक्यात चार वेळा 'त्या' आहे आणि चित्र एकही उभं राहत नाही. दुकानात एक परिच्छेद पुटपुटत वाचा. तुमचाच श्वास अडखळला तर मुलाचाही अडखळेल. मूल अशा वेळी "भाषा वाईट आहे" म्हणत नाही. ते म्हणतं, "बोअर आहे."

प्रमाणभाषेची भीती मात्र बाळगू नका. पुस्तकात 'पेरू' असतो, आपल्याकडे 'जाम'. पुस्तकात 'कोथिंबीर', घरी 'सांभार'. मूल चित्र पाहून 'जाम' म्हणालं तर ते बरोबरच आहे; "पुस्तकवाले याला पेरू म्हणतात" एवढं सांगून पुढे जा. "जाम नाही म्हणायचं, पेरू म्हण" असं चारदा टोकलं की मूल पुस्तकाची भाषा ही आपली नव्हेच असं ठरवून टाकतं. वाचून दाखवताना संवाद खुशाल वऱ्हाडीत म्हणावेत. कोल्हा 'मले काय माहीत' म्हणाला तर गोष्टीचं काही बिघडत नाही, उलट हशा पिकतो. निवेदन मात्र छापलंय तसंच वाचा. कानाला दोन्ही मराठी मिळतात.

माहितीच्या पुस्तकांसाठी वेगळी चाळणी लागते. गुळगुळीत कागद आणि हजार चित्रं पाहून भुलू नका. आत काय शिळं झालंय ते पाहा. सूर्यमालेचं पान काढा. ग्रह नऊ लिहिले असतील तर मजकूर २००६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. भारताचं पान काढा : २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश हा आकडा २०२० पासूनचा. महाराष्ट्राचे जिल्हे ३५ असतील तर पालघर व्हायच्या, म्हणजे २०१४ च्या आधीचं. चित्ता भारतातून नामशेष झाला असं लिहून पुढे पूर्णविराम असेल, तर २०२२ साली कुनोत आणलेले चित्ते लेखकाच्या कानावर आलेले नाहीत. चांद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलं, तेही पाहा. शीर्षकामागच्या पानावरचं साल वाचताना सावध राहा. 'पुनर्मुद्रण २०२४' म्हणजे जुनंच परत छापलं. 'सुधारित आवृत्ती' म्हटलं असेल तर काही बदललं असण्याची आशा.

सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलं पान. नागपूरकराने विदर्भ काढावा. अकरा जिल्हे बरोबर आहेत का, नागपूर विभागात सहा आणि अमरावती विभागात पाच अशी वाटणी जुळते का? नाहीतर वाघ काढा. पेंच आणि ताडोबा आपल्या शेजारी, आणि चित्रात वाघामागे जिराफ उभा! वाघ फक्त आशियात, जिराफ आफ्रिकेत. ताडोबाहून आलेलं सात वर्षांचं पोट्टंही हे पकडतं. ओळखीच्या पानावर अशी चूक सापडली तर अनोळखी पानांवर काय असेल याचा अंदाज येतो.

दहा-अकरानंतर 'संक्षिप्त' नावाचा सापळा येतो. साडेतीनशे पानांची गाजलेली कादंबरी चौसष्ट पानांत बसवली की उरते ती घटनांची यादी : मग तो गेला, मग वादळ आलं, मग तो सापडला. मुलाला वाटतं, ती थोर कादंबरी आपण वाचली आणि ती अशीच असते. पुढे मूळ पुस्तक हाती आलं तरी उघडत नाही. संक्षेप घ्यायचाच तर मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान घेऊ नये, आणि संक्षेप करणाऱ्याचं नाव छापलेलं हवं. नाव नसेल तर कात्री कोणाचीही असू शकते. नाहीतर मूळ पुस्तकच रोज एक प्रकरण वाचून दाखवा. अकरा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवण्यात काही कमीपणा नाही. कान अजून पुढेच आहे.

बोधकथांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. शेवटच्या 'तात्पर्य'वर अंगठा ठेवून गोष्ट वाचा. त्याशिवाय ती उभी राहत असेल तर घ्या. तात्पर्यासाठीच गोष्ट रचलेली असेल तर मुलांना ते तिसऱ्या ओळीतच कळतं, आणि सशाचं काय होणार याची उत्सुकता संपते.

चरित्रांतही असंच. नायक पाळण्यातच थोर होता असं सांगणारी चरित्रं वाचून सामान्य मुलाला काही हाती लागत नाही. सालं असलेलं, गावांची नावं असलेलं, नापास झालेला किंवा हरलेला प्रसंग न लपवणारं चरित्र शोधा. यासाठी नागपूरसारखी जागा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला, आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात. बाबासाहेबांची मुलांसाठीची चित्रमय चरित्रं, फुले दांपत्यावरची छोटी पुस्तकं, मोठ्यांचे जाडजूड ग्रंथ, सगळं एका फेरीत हाताळायला मिळतं. स्वस्त आवृत्त्यांत पानं उलटसुलट लागलेली असतात, तेवढं जागेवरच चाळून घ्यावं. जमलं तर मुख्य दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी जावं; मुलाला पुस्तक हातात धरून बघण्याइतकी जागा तेव्हा मिळते.

तेरा-चौदानंतर निवड आपल्या हातून सुटते. सुटू द्यावी. वाचनालयाचं सभासदत्व मुलाच्या नावाने काढा, पुस्तक त्याला निवडू द्या, आणि घरी आणलेलं पुस्तक तुम्हीही वाचा, तपासणी म्हणून नव्हे, जेवताना बोलायला विषय म्हणून.

पुस्तक घरात टिकतं कसं, हे पुण्या-मुंबईच्या लेखात वाचायला मिळत नाही, म्हणून इथे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. मे-जूनच्या दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, मूल घरात कोंडलेलं असतं. वाचून दाखवायला याहून चांगला वेळ नाही. फक्त कूलरच्या समोर बसू नका. एक तर त्याच्या घरघरीत आवाज चढवावा लागतो आणि दहा मिनिटांत घसा बसतो. दुसरं, ओल्या हवेने कागद फुगतो, पुठ्ठ्याची पानं वाकतात, गुळगुळीत आर्ट पेपर ओला झाला तर पानाला पान चिकटतं आणि सोडवताना चित्र फाटतं. कूलर बाजूला ठेवून तिरकं बसा, आणि पुस्तकांची मांडणी त्याच्या झोताच्या विरुद्ध भिंतीला. पुस्तक कारमध्ये विसरू नका; उन्हात चिकट बांधणीचा गोंद मऊ होतो आणि नंतर पानं एकेक करून हातात येतात. शिवणीची बांधणी हे सोसते. ओळखायची असेल तर पुस्तक मधोमध उघडून घडीत दोरा दिसतो का पाहा.

जुनी पुस्तकं घेताना पानांचे आकडे सलग आहेत का ते तपासा. फर्मा निखळला की एकदम आठ किंवा सोळा पानं जातात, नेमकी क्लायमॅक्सची. कसर लागलेली असेल तर घरच्या कपाटात सरळ ठेवू नका. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावरही पिशवी दिवसभर उघडू नका, म्हणजे दव पानांवर न बसता पिशवीवर बसतं. डांबरगोळ्या मुलांच्या पुस्तकांत नकोत.

एक अडचण राहिली. ज्या मुलाचा कान दहाचा आणि डोळा सहाचा, त्याला सहाचं पुस्तक दिलं की लाज वाटते. वर्गमित्र जाड पुस्तकं वाचतात आणि याच्या हाती बदकांची गोष्ट. समजावून उपयोग होत नाही. घरात, शेजारी किंवा मावशीकडे चार-पाच वर्षांचं कोणी असेल तर त्याच्यासाठी म्हणून ते पुस्तक आणा आणि मोठ्याला सांगा, "याला रोज एक वाचून दाखव, आम्हाला वेळ नाही." आता सोपं पुस्तक वाचायला कारण आहे, आणि मोठेपणही आहे. आधी एकट्याने दोनदा वाचून तयारी करायला सांगा. लहानग्यासमोर अडखळायला नको म्हणून तो ती करतोच. उच्चार सुधारायला मध्ये पडू नका. धाकट्याने "हे काय?" विचारलं की थांबून चित्र दाखवायचं, एवढीच सूचना पुरते. पुस्तक दोघांनाही पाठ झालं की पुढच्या लेव्हलचं आणा, आणि तेही धाकट्याच्याच नावाने.